मंत्र दोनच का? खेळातल्या जादूच्या नियमांना त्या जगातलं कारण कसं द्यावं

टेबलाभोवती बसून पात्रं साकारत, फासे टाकत खेळायच्या रोलप्लेइंग खेळात पहिल्या लेव्हलचा जादूगार लढाईत दोन मंत्र टाकतो आणि तिसऱ्या वेळी हात चोळत उभा राहतो. टेबलावरचा नवा खेळाडू विचारतो, "का? मंत्र मला येतो, हात मोकळे आहेत, तोंड बांधलेलं नाही. मग आता का जमत नाही?"

मी पहिल्यांदा गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणून बसलो तेव्हा हाच प्रश्न आला होता आणि मी म्हणालो होतो, "पुस्तकात तसं लिहिलंय." त्या मुलाने मान हलवली, कॅरेक्टर शीटवरचे, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावरचे, दोन चौकोन खोडले आणि पुढच्या सगळ्या सत्रांत त्या जगाबद्दल पुन्हा एक अक्षरही विचारलं नाही. तो चौकोन मोजत राहिला. त्याची मला आजही हळहळ वाटते. त्याने प्रश्न विचारला तेव्हा तो त्या जगाच्या आत पाऊल टाकत होता, आणि मी दार लावून घेतलं.

नियमाला हात न लावता त्याला त्या जगातलं कारण कसं द्यायचं, ते इथे पायरीपायरीने सांगतो. नवे खेळाडू बहुधा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'पासून सुरुवात करतात, म्हणून उदाहरणं त्याच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतली घेतली आहेत. रीत कुठल्याही खेळाला चालेल.

आधी थोडा इतिहास, कारण तो उपयोगाचा आहे

हा खेळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी आणला. त्यातल्या जादूगाराने मंत्र आधी डोक्यात भरून ठेवायचा, आणि एकदा म्हटला की तो डोक्यातून पुसला जायचा. ही कल्पना गायगॅक्स यांनी जॅक व्हान्स या लेखकाच्या कथांमधून घेतली. त्या कथांचा पहिला संग्रह १९५० चा. त्या जगात मंत्र इतके गुंतागुंतीचे आणि जड असतात की कसलेल्या जादूगाराच्या डोक्यातही चार अवघड किंवा सहा सोपे एवढेच मावतात.

म्हणजे कारण आधी होतं आणि नियम त्यातून निघाला. पुढे आवृत्त्या बदलत गेल्या. पाचव्या आवृत्तीत जादूगार मंत्र विसरत नाही. सकाळी तयार केलेले मंत्र दिवसभर त्याच्यापाशीच राहतात, संपतात ते स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या मोजक्या संधी. विसरणं गेलं, मोजदाद तेवढी उरली. नव्या खेळाडूला हा नियम हवेत लटकल्यासारखा वाटतो, कारण त्याच्याखालचा खांब खरोखरच काढून घेतलेला आहे. आपल्याला नवा खांब उभा करायचा आहे.

पहिली पायरी: एकच नियम निवडा

जादूचे सगळे नियम समजावून सांगायला बसू नका. दोन-तीन सत्रं आहे तसं खेळा आणि खेळाडूला ठेच कुठे लागते ते टिपून ठेवा. ठेच बहुधा ठरलेल्या जागीच लागते: दिवसाला इतकेच मंत्र का, एका वेळी एकाच मंत्रावर लक्ष का धरता येतं, मेलेल्याला उठवायला हिराच का लागतो, क्लेरिकला, म्हणजे देवाच्या नावाने मंत्र टाकणाऱ्या पुजाऱ्याला, येतं ते जादूगाराला का येत नाही. यातला जो प्रश्न तुमच्या टेबलावर खरंच आला असेल तोच घ्या. कुणी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कितीही सुंदर असलं तरी ते तुमच्या वहीतच राहतं.

दुसरी पायरी: तो नियम कोणतं काम करतो ते ओळखा

प्रत्येक नियमामागे खेळाची एक गरज असते. एकाग्रतेचा नियम असा की एका वेळी एकच एकाग्रतेचा मंत्र चालू ठेवता येतो, आणि मार बसला की फासा टाकून तो टिकवावा लागतो. तिथे गाठायचा आकडा १० किंवा बसलेल्या माराच्या निम्मा, यातला जो मोठा असेल तो. हा नियम नसता तर एकच जादूगार चार-पाच मंत्रांचे थर चढवून बसला असता आणि बाकीच्यांना लढाईत काम उरलं नसतं. कारण शोधताना हे काम मोडू द्यायचं नाही.

इथे नवखे गेम मास्टर हमखास एका उत्तराकडे धावतात: "जादूगार थकतो." ऐकायला बरं वाटतं, पण नियमाशेजारी ठेवून पाहा. लेव्हल जादूगाराची, पातळी मंत्राच्या ताकदीची. पाचव्या लेव्हलच्या जादूगाराकडे पहिल्या पातळीचे चार, दुसऱ्या पातळीचे तीन आणि तिसऱ्या पातळीचे दोन स्लॉट असतात. समजा त्याने पहिल्या दोन पातळ्यांचे सातही संपवले. तो इतका थकला की साधा मंत्रही जड व्हावा. आणि तरी तिसऱ्या पातळीचे दोन शाबूत आहेत, त्यातून तो आरामात आगीचा गोळा फेकतो. ज्याला पाण्याचा तांब्या उचलवत नाही तो भरलेली घागर कशी उचलतो? शिवाय थकलेला जादूगार धावतो, भिंत चढतो, काठी फिरवतो, त्यातही काही कमी पडत नाही.

थकवा हे कारण म्हणून वाईट नाही, फक्त ते दुसऱ्या नियमाचं कारण आहे. १९८९ साली आलेल्या 'शॅडोरन' या खेळात मंत्र टाकला की त्याचा ताण उलटून टाकणाऱ्यावरच येतो आणि तो फाशांनी झेलावा लागतो. तिथे थकवा चपखल बसतो. स्लॉटना तो बसत नाही. कारण नियमाच्या मापाने शिवावं लागतं.

तिसरी पायरी: शक्ती येते कुठून ते ठरवा

जादूगाराच्या आतून, भोवतालच्या जगातून, की कुणीतरी देतं म्हणून? हे एक ठरलं की अर्धं काम होतं. इतर खेळांनी आणि जगांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चंच एक जग असलेल्या १९९१ च्या 'डार्क सन'मध्ये जादूची शक्ती झाडाझुडपांतून ओढली जाते. बेफिकीर जादूगार मंत्र टाकतो तेव्हा त्याच्याभोवतीची हिरवळ मरते आणि मातीची राख होते. ते जग वाळवंट का आहे याचं उत्तर हेच. हे उदाहरण मला फार प्रिय आहे, कारण तिथे नियमाचं कारण कुणाला सांगावंच लागत नाही. खेळाडू मान वर करून क्षितिजाकडे पाहतो आणि त्याला कळतं.

१९८७ च्या 'आर्स मॅजिका'मध्ये जादू ही भाषेसारखी आहे: पाच क्रिया, दहा नामं, सगळी लॅटिन. 'क्रेओ इग्नेम' म्हणजे मी अग्नी निर्माण करतो. तुमची क्रिया पक्की आणि नाम कच्चं असेल तर मंत्र तेवढ्यापुरता लंगडा. आणि घनरूप जादूद्रव्य खर्च केल्याशिवाय निर्माण केलेली वस्तू कायमची टिकत नाही, हा त्या जगातल्या जादूगारांना ठाऊक असलेला, त्यांनी अजून न ओलांडलेला बांध आहे. 'कॉल ऑफ कथुलू' १९८१ चा; तिथे मंत्राची किंमत माणसाचं मानसिक संतुलन देतं, कारण मंत्र समजणं म्हणजेच जग खरं कसं आहे ते पाहणं.

तीन जगं, तीन उगम. तुमच्या जगात एकाहून जास्त उगम असायलाही हरकत नाही, पण सुरुवातीला एकच धरा.

चौथी पायरी: कारण एका वाक्यात, त्या जगातल्या माणसाच्या तोंडून

या वाक्यात 'स्लॉट', 'लेव्हल', 'फासा' यातलं काही येता कामा नये. माझ्या टेबलावर मी स्लॉटसाठी जे कारण वापरतो ते पूर्ण उलगडून दाखवतो.

वाक्य असं: "जादूगाराला स्वप्नात सूत मिळतं, सकाळी तो त्याच्या सुरगाठी मारतो, मंत्र म्हणजे गाठ सोडणं."

सुरगाठ म्हणजे एका हिसड्यात सुटणारी गाठ. लढाईच्या धांदलीत सहा सेकंदांत मंत्र कसा टाकता येतो, ते त्यातच आलं. कष्टाचं काम सकाळीच झालेलं असतं. आता नियम एकेक करून या वाक्यावर ठेवून पाहू.

पातळी म्हणजे सुताची जाडी. बारीक सूत संपलं तरी जाड दोर शिल्लक असू शकतो, आणि बारीक चार धागे एकत्र केले म्हणून त्याला दोराची गाठ बसत नाही. थकव्याचं कारण नेमकं जिथे अडलं होतं तिथून हे सरळ पार होतं. लहान मंत्र जाड दोरात बांधता येतो, मग तो जास्त जोराने सुटतो. खालच्या पातळीचा मंत्र वरच्या स्लॉटमधून टाकण्याचा नियम तो हाच. वर्षानुवर्षांच्या सरावाने स्वप्नात जास्त आणि जाड सूत निघू लागतं, ही झाली लेव्हल वाढणं.

एकाग्रता: काही गाठी सोडल्यावरही सुताचं टोक बोटाला गुंडाळून धरावं लागतं. दुसरं टोक धरायला गेलं की पहिलं निसटतं. जोराचा फटका बसला तर हातातलं टोक सुटू शकतं.

विधी म्हणून केलेला मंत्र स्लॉट खात नाही, पण दहा मिनिटं जास्त घेतो. जागेपणीही सूत काढता येतं, मात्र ते कच्चं असतं. त्याची गाठ साठवता येत नाही, तिथल्या तिथे वळायचं आणि तिथेच वापरायचं. म्हणून वेळ लागतो. छोटे, कितीही वेळा टाकता येणारे मंत्र म्हणजे सुताशिवायचा नुसता बोटांचा पीळ.

आणि माझा सगळ्यात आवडता तुकडा: समोरच्याचा मंत्र हवेतच मोडून काढणं म्हणजे त्याची सुरगाठ खेचून तिची निरगाठ करणं. गाठ अडकली, सूत वाया गेलं. नियमही हेच सांगतो, की मोडलेल्या मंत्राचा स्लॉट परत मिळत नाही.

वॉरलॉकचं, म्हणजे कुणा बलाढ्य शक्तीशी करार करून जादू मिळवणाऱ्याचं, काय? त्याचे स्लॉट मोजकेच, पण सगळे त्याला झेपणाऱ्या सर्वांत वरच्या पातळीचे, आणि तासाभराच्या विश्रांतीने परत येणारे. त्याचं सूत त्याच्या स्वप्नातलं नाही. ते दुसऱ्या कुणीतरी कातलेलं, तयार, जाड, आणि मोजून हातावर ठेवलेलं आहे. कुणी कातलं आणि कशाच्या बदल्यात, हा त्या खेळाडूच्या कथेचा गाभा आपोआप तयार होतो.

पाहा, वाक्य एकच होतं. बाकीचे नियम त्यावर येऊन बसले. असं एक वाक्य सापडायला मला बरेच दिवस लागले आणि मधली चार-पाच वाक्यं टाकून द्यावी लागली. तुमचं पहिलं वाक्य तीन नियमांवरच अडलं तर निराश होऊ नका, ते वाक्य बदला.

पाचवी पायरी: "तर मग?" असं तीनदा विचारा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. कारणातून पुढचं काही निघत नसेल तर ते भिंतीवरचं चित्र आहे, उघडणारं दार नव्हे.

सुतापासूनच सुरू करू. सूत आहे, तर मग ते चोरता येईल? नियमात स्लॉट चोरता येत नाहीत. म्हणून मी सूत हातात धरायची वस्तू ठेवली नाही, ते स्वप्नातलं ठेवलं. जादूगार कमरेला खरी दोरी बाळगतात ती गाठींचा सराव करायला. ती हिसकावून घेतली तर चिडतील, पण मंत्र अडणार नाहीत. सूत स्वप्नात मिळतं, तर मग झोप चोरली तर? इथे मात्र दार उघडतं. आठ तासांची विश्रांती मोडली तर स्लॉट परत येत नाहीत, हे नियमातच आहे. म्हणजे त्या जगात जादूगाराला कैदेत ठेवायला जादूच्या बेड्या लागत नाहीत. रात्रभर ढोल वाजवणारा एक पहारेकरी पुरतो. जादूगाराचा जाच सहन न होणारं गाव त्याच्या मनोऱ्याखाली रात्र रात्र ढोल बडवतं. माझ्या एका कॅम्पेनमधलं, म्हणजे अनेक सत्रं चाललेल्या कथेतलं, अख्खं प्रकरण या ढोलांवर चाललं आणि त्यासाठी नियमातला एक शब्दही बदलावा लागला नाही.

तिसरा "तर मग?" एका खेळाडूने विचारला: "एल्फ झोपत नाहीत, तर मग त्यांच्या जादूगारांना सूत कुठून?" क्षणभर मी अडकलो. मग पुस्तक उघडलं. एल्फ ही खेळातली माणसासारखी एक वेगळी जमात; ते चार तास ध्यानात जातात आणि त्या वेळी त्यांच्या मनात स्वप्नासारखे व्यायाम चालतात, असं तिथे लिहिलेलं आहे. म्हणजे गरज झोपेची नव्हती, स्वप्नाची होती. तोपर्यंत माझं वाक्य "झोपेत सूत मिळतं" असं होतं. त्या दिवशी ते "स्वप्नात" झालं. अडचणीचा प्रश्न कारणाला धार लावतो, त्याला घाबरू नका.

आता दुसरं उदाहरण, हिऱ्याचं. मेल्यापासून एका मिनिटाच्या आत कुणाला उठवायचं तर ३०० सुवर्णमुद्रांचा हिरा लागतो आणि तो त्यात नष्ट होतो. दहा दिवसांपर्यंत उठवणाऱ्या मंत्राला ५०० मुद्रांचा. या नियमाचं काम उघड आहे: मरण फुकट परत करता येऊ नये. पण खेळाडू विचारतोच, "हिऱ्याची किंमत जादूला कशी कळते? बाजारभाव पडला तर मोठा हिरा लागेल का?"

दोन उत्तरं सुचतात. पहिलं असं की मंत्राला लागतं ते वजन आणि पाणीदारपणा, ३०० ही फक्त व्यापाऱ्यांनी बसवलेली ढोबळ खूण. हिराच का, तर हिऱ्यात शिरलेला प्रकाश बाहेर न पडता आतल्या आत फिरत राहतो, आणि परतणारा जीव त्या अडकलेल्या उजेडाच्या मागे येतो. उजेड खर्ची पडला की दगडाचा चुरा होतो. दुसरं उत्तर असं की जादूला त्याग हवा असतो. देणाऱ्याला तो हिरा किती मोलाचा आहे, तेच ती मोजते. हे दुसरं उत्तर हृदयाला भिडतं. पण "तर मग?" विचारा. तर मग गरीब आईच्या अंगठीतली हिऱ्याची कणी राजाच्या हिऱ्यापेक्षा जड ठरेल आणि ३०० चा आकडा कोसळेल. खेळाडू आपली पात्रं मुद्दाम कंगाल ठेवू लागतील. म्हणून नियम म्हणून मी पहिलं उत्तर घेतो, आणि दुसरं एखाद्या देवळातली दंतकथा म्हणून ठेवतो. लोक त्यावर विश्वास ठेवतात, पुजारी खरं काय ते सांगत नाहीत.

पहिल्या उत्तरातून काय काय निघतं ते पाहा. मेलेल्याला उठवलं की दर वेळी जगातला एक हिरा कमी होतो. म्हणून देवळं हिरे साठवतात आणि खाणींवरून युद्धं होतात. श्रीमंतांची प्रेतं दहा दिवस राखून ठेवली जातात, गरिबांची त्याच दिवशी मातीला मिळतात. अंत्यविधी कधी झाला यावरून घराची ऐपत कळते. भाडोत्री मारेकरी डोकं बरोबर घेऊन जातो, कारण दहा दिवसांचा तो मंत्र शीर नसलेल्या देहावर चालत नाही. हे सगळं एका घटकाच्या, म्हणजे मंत्राला लागणाऱ्या वस्तूच्या, एका ओळीतून.

घटकांच्या बाबतीत एक जाता जाता सांगतो. आगीच्या गोळ्याला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागतं. विष्ठेतून सोरा मिळतो, आणि सोरा-गंधक म्हणजे बंदुकीच्या दारूची अर्धीअधिक सामग्री. विजेच्या मंत्राला केसाळ कातड्याचा तुकडा आणि काचेची कांडी, एकमेकांवर घासली की ठिणगी पडते ती जोडी. कारणं कुठे कुठे आधीपासूनच पेरलेली आहेत, पुस्तक वाचताना नजर ठेवा.

सहावी पायरी: पळवाटांना जगाच्या आतून उत्तर द्या

पाणी निर्माण करायचा मंत्र हाती आला की कुणीतरी हमखास म्हणतो, "मी त्याच्या फुप्फुसात पाणी निर्माण करतो." नियमाचं उत्तर सोपं आहे. मंत्र पाणी उघड्या भांड्यात तयार करतो, फुप्फुस हे उघडं भांडं नाही. पण एवढंच म्हणून थांबलात तर खेळाडूला वाटतं शब्दांत अडकवून हरवलं.

जगातलं उत्तर असं देता येईल: जिवंत देहाच्या आतली जागा त्या जिवाच्या मालकीची असते, तिथे परक्या जादूला आत घेतल्याशिवाय शिरता येत नाही. "तर मग?" मेलेल्या देहात शिरता येतं. बरं करणारा मंत्र बेशुद्ध मित्रावरही चालतो, कारण जीव बेशुद्धीतही जगायला हो म्हणतो. मनावर ताबा मिळवणारे मंत्र ज्या झगड्याने झेलले जातात, तो झगडा म्हणजे उंबरठ्यावर उभं राहून दिलेला नकार. एका पळवाटेच्या उत्तरातून बचावाच्या फाशांचंही कारण मिळालं.

खेळाडूने मात्र कारण वापरून खरंच हुशारी केली आणि त्याने नियमाचं काम बिघडत नसेल, तर ती चालू द्या. ढोल वाजवणाऱ्या पहारेकऱ्याला माझ्या खेळाडूंनी मारलं नाही. त्यांनी त्याचा ढोल बदलून सुस्त लयीचा एक मोठा नगारा त्याच्या हाती दिला, आणि कैदेतला जादूगार त्या लयीवरच झोपला. मी फासाही मागितला नाही.

सातवी पायरी: भाषण न देता सांगा

हे सगळं वहीत लिहून झालं की ते खेळाडूंना वाचून दाखवायचा मोह होतो. तो आवरा. कारण पोचवायच्या चांगल्या जागा तीन: मंत्र टाकतानाचं वर्णन, कुणाच्या तरी तोंडचं बोलणं आणि जगात दिसणारी खूण.

"तुझा स्लॉट गेला" याऐवजी "गाठ सुटते, बोटांमधून काहीतरी सरकून गेल्यासारखं वाटतं, आता बारीक सुतातली एकच उरली" असं म्हणा. दोन-तीन सत्रांत खेळाडू स्वतःच "माझ्या किती गाठी उरल्यात?" असं विचारू लागतात. आकडा तोच असतो, पण आता तो जगातला असतो.

बोलणं छोटं ठेवा. माझ्या टेबलावर एक म्हातारी जादूगारीण आणि तिचा शिकाऊ पोरगा यांचं एवढंच झालं होतं:

"आजी, मला गाठ येते. मग पुन्हा का सोडता येत नाही?"

"गाठ येते रे, पण सूत कुठंय?"

"संपलं."

"मग जाऊन झोप."

"बाहेर लांडगे आहेत, आजी."

"म्हणून तर सांगत होते, पहिलीच गाठ कोल्ह्यावर सोडू नकोस."

एवढ्याने नियम कळला, त्याचं कारण कळलं आणि मंत्र राखून वापरायचा सल्लाही मिळाला. यापेक्षा लांब संवाद मी सहसा लिहीत नाही.

आणि हे लक्षात असू द्या की तुमचं कारण त्या जगातल्या लोकांचं मत आहे. ते अर्धवट किंवा चुकीचं असू शकतं. क्लेरिक म्हणेल सूत देव देतो, जादूगार म्हणेल माझं मी काढतो. दोघांच्या मंत्रांचे नियम जवळजवळ सारखेच चालतात, तेव्हा खरं कोण बोलतंय, हे तुम्हालाही माहीत नसलं तरी चालतं.

नियमच बदलले तर

नवी आवृत्ती आली, किंवा टेबलावर ठरवून तुम्ही एखादा नियम बदललात, तर जगातही काहीतरी घडू द्या. 'फरगॉटन रेल्म्स' या जगात जादू एका विणीतून वाहते आणि मिस्ट्रा ही देवी ती वीण सांभाळते. १९८९ च्या सुमाराला खेळाची दुसरी आवृत्ती आली तेव्हा त्या जगात देव आपल्या लोकांतून खाली माणसांत फेकले गेले आणि मिस्ट्रा मेली. २००८ साली चौथी आवृत्ती आली तेव्हा तिच्या जागी आलेल्या नव्या मिस्ट्राचीही हत्या झाली आणि वीण फाटून जादूची साथ पसरली. तुम्हाला देवी मारायची गरज नाही. एका सकाळी सगळ्या जादूगारांचं सूत वेगळ्या रंगाचं निघालं, एवढंही पुरतं.

पुढच्या सत्राला काय न्यायचं

एक कागद. वर निवडलेला नियम, त्याखाली तो खेळात कोणतं काम करतो ते, त्याखाली तुमचं एक वाक्य. मग तीन "तर मग?" आणि त्यांची उत्तरं. खाली एक जागा कोरी सोडा. खेळाडू असा प्रश्न विचारणारच जो तुम्हाला सुचला नव्हता. तेव्हा लगेच उत्तर जुळवत बसू नका, त्याच खेळाडूला विचारा, "तुझ्या पात्राला याबद्दल काय शिकवलं गेलंय?" तो जे सांगेल ते त्या कोऱ्या जागेत, त्याच्याच शब्दांत लिहून घ्या.